आखाचा नट

जीपचा मागचा ड्रम खोलायचा म्हटलं की आमच्या मैंदर्गीत ते एकट्यादुकट्याचं काम नसायचं. चाक काढायला कितीसा वेळ लागतो? खरी लढाई त्यानंतरची. अ‍ॅक्सलच्या, म्हणजे आखाच्या, टोकावर बसलेला भलामोठा नट, त्यात आडवी घातलेली स्प्लिट पिन आणि त्या दोघांवर काळी माती, जुनं ग्रीस आणि गंज यांचा दगडासारखा थर. नट सुटला तर ड्रम सुटणार, ड्रम सुटला तर आतलं ऑइल सील बदलता येणार, आणि सील बदललं तरच ब्रेकच्या लायनरवर पाझरणारं तेल थांबणार. ब्रेक न लागणारी जीप घेऊन अक्कलकोटच्या रस्त्याला जाणार कोण? म्हणून तो नट सुटेपर्यंत घरातली बाकीची कामं मागं पडत.

मोटारीच्या धंद्यातला एक मोठा माणूस आमच्याच जिल्ह्यातला. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि तिच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी देशभर गेली. सोलापुरात डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्या दारात ती उभी दिसे. पण मैंदर्गीच्या आसपासची जमीन काळी, पावसात चिखल धरणारी. शेतरस्त्याला फियाटचं पोट घासायचं. इथं चालली ती जीप. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्या घराण्यातल्या गाड्या पुढं कितीतरी वर्षं आमच्याकडं वडाप, म्हणजे भाड्याच्या सवारी गाड्या, म्हणून फिरत राहिल्या. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी. आत माणसं, टपावर पोती, मागं लोंबकळणारी पोरं. एवढं ओझं रोज वाहणाऱ्या गाडीचा मागचा आख नीट ठेवणं हे मालकाचं पहिलं काम होतं. माझे चुलते त्यातलेच एक मालक.

नट हलेनासा झाला की पहिला निरोप जाई तो लोहारमामांकडं. त्यांनी आयुष्यात मोटार चालवली नसेल, पण चाकातलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं मेकॅनिकलाही कळत नव्हतं, असं मी आजही म्हणेन. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवण्यात त्यांचा हात बसलेला. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहानच करायची, शेणकुटाच्या आगीत चहूबाजूंनी लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा, लाकूड करकरायचं, आणि आकसलेली धाव आऱ्यांना चाकाच्या मधल्या तुंब्यात दाबून धरायची. खिळा नाही, डिंक नाही. लोखंड तापलं की फुगतं आणि निवलं की आवळतं, हे ज्ञान त्यांच्या हातात होतं. जीपच्या नटापुढं बसून त्यांनी तेच वापरलं.

हिशेब करून पाहिला तर त्यांचं किती बरोबर होतं ते कळतं. बावीस मिलिमीटर भोकाचा पोलादी नट दोनशे अंशांनी तापवला तर भोक जेमतेम पाच शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. केसाच्या जाडीएवढी ही फट. पण गंजानं धरलेल्या आट्यांना तेवढी पुरते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून आट्यांच्या फटीत पाचर मारल्यासारखा अडकून बसतो. तापवल्यानं गंजाचा थर तडकतो आणि मग त्या तड्यांतून तेल आत शिरतं. मामा ब्लो लॅम्पची ज्योत नटावर धरत, आखावर धरत नसत. नट फुगला पाहिजे, आख थंड राहिला पाहिजे. आख तापायच्या आत काम उरकायचं, ही त्यांची ताकीद असे.

पण आगीची पाळी शेवटची. आधी रात्रभर घासलेट. रेशनवर मिळणाऱ्या घासलेटात चिंधी भिजवून ती नटाभोवती गुंडाळून ठेवायची. सकाळी वायर ब्रशनं घासून आटे उघडे करायचे. स्प्लिट पिन बहुधा तुटायचीच, तिचे तुकडे बारीक पंचानं ठोकून बाहेर काढायचे. अर्धवट राहिलेला पिनेचा तुकडा आट्यांत रुतला तर पुढची सगळी मेहनत वाया, म्हणून मामा भिंग लावून बघावं तसं डोळे बारीक करून बघत. मग हातोडीनं नटाच्या सहाही बाजूंवर हलके हलके ठोके. जोरात नाही. ठोक्यानं गंज सैल होतो, जोरानं आटे दबतात.

आणि मग पाईप. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागात गावोगाव हातपंप बसले, त्यांच्या जुन्या पाईपांचे तुकडे घरोघर पडलेले असत. पान्याच्या दांड्यावर असा चार-पाच फुटी पाईप चढवायचा. एक मीटरच्या टोकाला वीस किलोचा भार दिला तर नटावर सुमारे दोनशे न्यूटन-मीटर पीळ येतो. दीड मीटरच्या पाईपवर साठ किलोचा माणूस लोंबकळला तर जवळजवळ नऊशे. म्हणून पाईपवर कोणाला उभं करायचं याचीही चर्चा व्हायची. पुढं एक जण ब्रेक दाबून बसलेला, चाकांना दगड लावलेले, बाजूला घरातली आणि गल्लीतली माणसं. कुणी मराठीत सांगे, कुणी कानडीत. आमच्या गावात दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात, त्यामुळं कोण काय म्हणालं हे वेगळं काढता येत नसे. आम्ही पोरं उतावीळ झालो की चुलते म्हणत, "दम धर की बे, नट कुटं पळून चाललाय?"

नट सुटतो तेव्हा एक आवाज होतो. कोरडा, मोठा, लाकूड फुटल्यासारखा. तो आवाज आणि काहीतरी मोडल्याचा आवाज यांत फरक आहे, आणि तो फरक ओळखणारे कान तेव्हा अंगणात चार-पाच तरी असत. आवाज झाला की मामा सगळ्यांना थांबवत. पाव फेरा सोडायचा, पुन्हा थोडा आवळायचा, तेल टाकायचं, परत सोडायचा. गंजाचा भुगा आट्यांत अडकू नये म्हणून ही मागं-पुढं चाल. ती न करता जोरानं सोडलेले नट आख घेऊन गेल्याचं लोकांनी पाहिलं होतं.

नट सुटला तरी ड्रम मोकळा होतोच असं नाही. त्या जीपच्या मागच्या आखाचं टोक निमुळतं, आणि हब त्यावर चावीसह घट्ट बसवलेलं. त्याला पुलर लागतो. पुलर नसेल तेव्हाची आमच्याकडची युक्ती अशी की नट काही आटे ठेवून ढिला करायचा, चाक परत लावायचं आणि जीप पटांगणात हळूहळू डावी-उजवीकडं वळवत फिरवायची. वळणांच्या ताणानं हब स्वतःच सुटून नटापर्यंत येतं. नट पूर्ण काढून ठेवला असेल तर चाक निघून जाईल, म्हणून हे काम फक्त जाणत्यानं करायचं. त्याच जुन्या विलिज जातीच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत, नेहमीच्या दिशेनं पीळ दिला तर आणखी आवळत. नवख्या ड्रायव्हरची परीक्षा तिथं व्हायची.

आता माझ्या पुतण्याच्या दारात उभ्या असलेल्या छोट्या मोटारीकडं बघा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि आपल्याकडं पुढच्या चाकांनी ओढणारी मोटार घरोघर पोचली. तेव्हापासून हट्टी नटाची जागा मागून पुढं आली. आता तो हबच्या मधोमध, टोपीखाली बसतो. खोलायचं कारणही वेगळं. वळताना कटकट आवाज येतो म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालं, किंवा वेग वाढला की घूं घूं येतं म्हणजे बेअरिंग गेलं. स्प्लिट पिनेऐवजी पुष्कळ गाड्यांत नटाची पातळ कड आखाच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती कड बारीक छिन्नीनं आधी उचलावी लागते. न उचलता जोर लावला तर आटे खरवडतात.

पुतण्या हे सगळं मोबाईलवरच्या व्हिडिओत पाहून शिकला, आणि मला त्याचं कौतुक वाटतं. त्याची रीत स्वच्छ आहे. चाक जमिनीवर असतानाच मधली टोपी काढून नट सैल करायचा, कारण तेव्हा गाडीचं वजन चाक फिरू देत नाही. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आत कोणीतरी ब्रेक दाबून. तीस-बत्तीस मिलिमीटरची सहा बाजूंची गोटी, म्हणजे सॉकेट, तीही पाऊण इंची दांड्याची, कारण अर्धा इंची दांडा पिळाखाली तुटू शकतो. घासलेटाची जागा फवाऱ्याच्या डब्यानं घेतली. त्यांतला जगभर गेलेला डब्ल्यूडी-४० हा १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झाला, मुळात पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी. नुसत्या गंजासाठी बनवलेलं भेदक तेल त्याहून सरस पडतं. आणि बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन. आमच्या पाईपावरचा एकसंध जोर आणि तिचे क्षणाक्षणाला बसणारे छोटे तडाखे यांत तिचे तडाखे गंजाला जास्त लागू पडतात. मामा हातोडीनं जे करत तेच हे यंत्र करतं, फक्त थकत नाही.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. जीपखाली दगड रचून माणसं आत शिरत, हे आठवलं की आजही छातीत धडधडतं. घणाच्या ठोक्यांनी धड असलेली बेअरिंगं फुटत. जुना नट, जुनी वाकलेली पिन परत बसे. पण तेव्हा अनेकांचे डोळे एका नटावर असत, आणि त्या डोळ्यांत पुढच्या पोरांना शिकवायची निकड असे. आता पुतण्या एकटा असतो. अडला तर फोन करतो, आणि पलीकडचा माणूस नटाला हात लावू शकत नाही. हे नुकसान मला खरं वाटतं.

म्हणून त्याला आणि घरी असं काम करणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. मामांची आग नव्या गाडीला लावू नका. तिथं सीलबंद बेअरिंग असतं, एबीएसचा सेन्सर असतो, त्यांचं ग्रीस आणि प्लास्टिक उष्णतेनं जातं. मामांचा धीर मात्र घ्या. रात्रभर तेल, हलके ठोके, पाव फेरा सोडून परत आवळणं, हे सगळं जसंच्या तसं चालतं. गाडी उचलल्यावर जॅकच्या भरवशावर आत जाऊ नका, खाली पक्के स्टँड लावा. नट काढलेली गाडी चाकांवर ढकलू नका, कारण नटाच्या दाबाशिवाय हबच्या बेअरिंगवर भार आला तर ते बिघडतं. कड ठोकून बसवायचा नट प्रत्येक वेळी नवाच घ्या आणि टॉर्क पान्यानं आवळा. छोट्या मोटारींना बहुधा पावणेदोनशे ते दोनशे न्यूटन-मीटर लागतात, पण आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात बघूनच लावा. आणि काम सुरू करण्यापूर्वी शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या मेकॅनिकला किंवा लोहाराला बोलवा. तो आला की त्याच्याजवळ आपल्या मुलालाही उभं करा.