मागच्या बाजूला बघा

"दादा, मशीन लावलं की लादीवरून सरकत दारापर्यंत येतं. पोरं घाबरून बाहेर पळतात."

धायरीच्या या ताई चार घरी पोळ्या करतात. त्यांतल्या एका घरानं बिऱ्हाड हलवलं, नव्या फ्लॅटमध्ये नवं वॉशिंग मशीन आलं आणि जुनं फ्रंट लोड ताईंना मिळालं. मी गेलो, मशीन भिंतीपासून पुढे ओढलं आणि मागे बॅटरी मारली. प्लास्टिकची टोपणं असायला हवीत तिथे चार बोल्टांची डोकी दिसत होती. मशीन हलवण्यापूर्वी आतला ड्रम जखडून ठेवायला हे ट्रान्झिट बोल्ट लावतात आणि नव्या जागी पोचल्यावर, सुरू करण्याआधी, काढतात. एरवी ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो, खाली शॉक ॲब्सॉर्बर असतात. बोल्ट तसेच राहिले की ड्रमचा सगळा हिसका थेट पत्र्याच्या अंगावर येतो. मग मशीन चालायला लागतं. बोल्ट काढायला दहा मिनिटं लागली. दोनच वेळा मशीन लावलं होतं, म्हणून बेअरिंग वाचलं.

हे सगळं पुस्तिकेच्या पहिल्या काही पानांवर चित्रासकट छापलेलं असतं. पण पुस्तिका आली नव्हती. जुनी यंत्रं आपल्याकडे अशीच फिरतात: मालकिणीकडून कामवाल्या ताईंकडे, पुण्याच्या घरातून गावाकडे, नाहीतर बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून कुणाच्या तरी टेम्पोत. यंत्र जातं, पुस्तिका आधीच रद्दीत गेलेली असते.

इतकी वर्षं दुरुस्ती केल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. पुस्तिकेत दोन प्रकारचा मजकूर असतो. कुठलं बटण कशाचं, पावडर कुठे घालायची, हे एका प्रकारचं. ते यंत्र स्वतःच सांगतं. वॉशिंग मशीनच्या खणात I म्हणजे प्रीवॉश, II म्हणजे मुख्य धुणं, फूल म्हणजे कपडे मऊ करणारं कंडिशनर. पुढे खाली उजवीकडे झाकण दिसलं तर बहुतेक त्यामागे पंपाचा फिल्टर असतो, आणि तिथे हमखास नाणी नि केसांच्या पिना सापडतात. दुसरा प्रकार म्हणजे काय करू नये. तो यंत्राच्या अंगावर क्वचितच लिहिलेला असतो, आणि माणसं नेमकी तिथेच पैसे घालवतात, कधी हात भाजून घेतात. म्हणून पुस्तिका शोधायची ती मुख्यतः या नकारांसाठी.

शोधायची तर मॉडेल नंबर हवा. "सात किलोचं, पांढरं" एवढ्यावर काही हाती लागत नाही. फ्रंट लोडची पट्टी दार उघडल्यावर कडेला असते, टॉप लोड आणि सेमी-ऑटोमॅटिकची मागे, फ्रिजची आत भाजीच्या खणाजवळ, मायक्रोवेव्हची दाराच्या चौकटीत किंवा पाठीमागे, मिक्सरची बुडाशी. पट्टीवर दोन नंबर असतात, मॉडेलचा आणि सीरियल. लोक हटकून सीरियल नंबर लिहून आणतात. शून्य आणि ओ, एक आणि आय यांचाही घोळ होतो, त्यामुळे मी नंबर लिहून मागत नाही, फोटो मागतो. पट्टी पुसट झाली असेल तर बॅटरी समोरून न मारता तिरकी धरा; ठसा उठलेला असेल तर वर खडू चोळा, अक्षरं दिसू लागतात. तरीही वाचता आलं नाही तर स्टार लेबल बघा. 2006 साली ही लेबलं आली, आणि त्यावर मॉडेल छापलेलं असतं. बॉश, सीमेन्सच्या पट्टीवर एफडी म्हणून आकडा असतो. त्याच्या पहिल्या दोन अंकांत 20 मिळवले की उत्पादनाचं साल निघतं, पुढचे दोन अंक महिन्याचे. 8905 असेल तर 109, त्यातले शेवटचे दोन अंक धरले की 2009 सालचा मे. साल कळलं की नेमकं मॉडेल सापडलं नाही तरी त्याच सुमाराचं जुळं मॉडेल सापडतं. मग चित्रातलं पॅनल आणि समोरचं पॅनल बटणाबटणानं ताडून बघायचं.

फ्रिजबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात वाईट वाटतं ते भोसकलेला फ्रीजर बघताना. सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फ साचतो, तो सुरीनं किंवा उलथन्यानं खरवडतात, ॲल्युमिनियमला भोक पडतं आणि गॅस निघून जातो. खरं तर त्या फ्रिजच्या थर्मोस्टॅटच्या चकतीत मधोमध एक छोटं बटण असतं. ते दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ वितळतो, आणि वितळून झाल्यावर बटण आपोआप बाहेर येतं. हे बटण समोरच असतं, पण कुणी सांगितलं नाही तर ते सजावटीचंच वाटतं. चकतीवरचे आकडेही तापमानाचे नसतात. मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. "एकवर ठेवलंय, एक डिग्रीवर," असं मला कितीतरी घरांत सांगितलं गेलं.

आणि फ्रिजच्या पाठीमागचं, कॉम्प्रेसरजवळचं लेबल वाचल्याशिवाय मेकॅनिकला ज्योत पेटवू देऊ नका. तिथे गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं. आर-600ए लिहिलेलं असेल तर तो आयसोब्युटेन, ज्वलनशील गॅस. बहुतेकदा पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेची खूण असते. आर-134ए वेगळा. एकाच्या जागी दुसरा भरून चालत नाही, आणि "सगळे गॅस सारखेच" म्हणणाऱ्या माणसाला फ्रिजला हात लावू देऊ नये, असं मी स्पष्टच सांगतो.

परदेशातून बिऱ्हाड परत आणणाऱ्या घरांत वेगळं संकट असतं. कॉफी मेकरच्या पट्टीवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ छापलेलं असतं आणि कुणी फक्त पिन बदलणारा ॲडॅप्टर लावतं. विजेचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, पण उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे साडेतीन पटींहून जास्त वाढते. ट्रान्स्फॉर्मर लावला तर व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ मात्र 50 च राहतात. कार्बनवर चालणाऱ्या मिक्सरच्या मोटरला त्याचं काही वाटत नाही. जुन्या मायक्रोवेव्हच्या आतला जड ट्रान्स्फॉर्मर मात्र 50 वर तापत जातो. तिकडचा असा मायक्रोवेव्ह विकत घेऊच नका.

कुकरचं एका वाक्यात: एका कंपनीच्या कुकरवर दुसऱ्या कंपनीची शिट्टी कधीही बसवू नये, कारण आतला दाब तिच्या वजनावर ठरतो.

24 डिसेंबर 2022 ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. कंपन्यांनी पुस्तिका आणि दुरुस्तीची माहिती खुली करावी, हे मागणं रास्तच आहे. माझं आणखी एक मागणं आहे. तीन नकार मराठीत, यंत्राच्या अंगावर, न निघणाऱ्या शाईनं छापा. ताईंच्या मशीनची पुस्तिका मला बोल्ट काढले त्याच रात्री मिळाली. पण ती इंग्रजीत, आणि ताई वाचतात मराठी. तिचा उपयोग त्यांना कसा व्हावा?

म्हणून हल्ली प्रत्येक जुन्या मशीनसाठी मी अर्ध्या पानाचा कागद लिहितो. वर मॉडेल नंबर आणि साल, खाली चार-पाच ओळी, आणि लाल पेनानं न करायच्या गोष्टी. प्लास्टिकच्या पाकिटात घालून तो मागच्या पत्र्याला चिकटवतो. ताईंच्या कागदावर लिहिलं होतं: पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीचं तोंड जमिनीवर सोडू नका, मशीनमधलं पाणी आपोआप वाहून जातं. महिन्यातून एकदा फिल्टर, आधी खाली ताट ठेवा. घर बदललं तर बोल्ट लावा, नव्या जागी आधी बोल्ट काढा. काढलेले चार बोल्ट पिशवीत बांधून मी त्या कागदाशेजारीच टांगले.

गेल्या महिन्यात ताईंचा फोन आला. नऱ्ह्याला खोली मिळाली होती, टेम्पो दारात उभा होता.

"दादा, कागद बघितला. बोल्ट हातात आहेत. कुठला कुठे लावायचा?"

"तुमच्या मशीनचे चारही सारखेच आहेत ताई. कुठलाही कुठेही लावा, फक्त घट्ट बसवा."