देवाचा वाटा

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडचे देव रिकामे बसत नाहीत. कुकडेश्वर पूर गावात कुकडीच्या उगमापाशी बसून पाण्याचं बघतो. वाघोबा वाटेकडेच्या झाडाखाली शेंदूर लावून घेतो आणि त्या बदल्यात वाघाला गुरांपासून लांब ठेवायचं काम अंगावर घेतो. ढाकोबा घाटमाथ्यावर पहारा देतो, तर आहुप्याचा भैरवनाथ राई सांभाळतो. नद्यांचंही तसंच. कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर ही खोऱ्यांची जुनी नावं नद्यांवरूनच पडली. कुणाच्या जिवावर राहतो ते इथल्या माणसानं आपल्या पत्त्यातच लिहून ठेवलं आहे.

‘देव कुठे दिसतो?’ असं मी इथे कुणाला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर आधी कोरा चहा पुढे आला असता आणि मग ‘बसा की, पाऊस उघडू द्या’ एवढंच उत्तर. या प्रश्नाची हौस शहरातल्या माणसाला. डोंगरावर सूर्य मावळला की आपल्याला भरून येतं, आपण फोटो काढतो आणि परतीच्या वाटेवर नारायणगावात मिसळ खातो. त्यात वाईट काही नाही. पण नुसत्या भरून येण्यावर माझा आताशा फार विश्वास राहिलेला नाही. माणसाचा हात जिथे आपणहून थांबतो तिथे मी बघतो. घेता आलं असतं, पण घेतलं नाही, अशी जागा दिसली की ओळखावं, इथे दुसऱ्या कुणाचा तरी वाटा आहे.

आहुप्याची देवराई ही अशी जागा. आंबेगाव तालुक्याच्या पार टोकाला, कोकणकड्याच्या अलीकडे. पावसाळ्यात तिथे धुकं इतकं दाट असतं की समोरचं झाड आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. पानांवरून ठिबकणारं पाणी, ओल्या पाचोळ्याचा वास, खोडांवर हिरवंगार शेवाळ. वेली मांडीएवढ्या जाड. वरच्या वर फांद्यांतून काहीतरी तांबूस झेपावतं आणि ‘टकटकटक’ असा आवाज टाकून जातं, ते शेकरू. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. आपल्या घरट्यांसाठी त्याला उंच आणि एकमेकांना फांद्या भिडवणारी झाडं लागतात. ती इथे आहेत, कारण इथे कुऱ्हाड चालत नाही.

कुऱ्हाड न चालणं म्हणजे काय, हे राईच्या बाहेर आल्यावर कळतं. घाटमाथ्यावर भात लावायचं तर आधी राब भाजावा लागतो. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडायच्या, त्या पाल्यापाचोळ्यासकट रोपाच्या जागेवर पसरायच्या, वर माती टाकायची आणि पेटवायचं. त्या राखेत भाताचं रोप जोमानं येतं. शिवाय चुलीला लाकूड, कुडाला काठ्या, गुरांना पाला. म्हणून आसपासची कितीतरी झाडं हातपाय छाटल्यासारखी उभी. गरज इतकी रोजची आणि राई इतकी जवळ. तरी वाळलेली काडीसुद्धा राईतून घरी न्यायची नाही, हा राईचा कायदा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या आणि या राखलेल्या तुकड्यांची किंमत शास्त्राच्या भाषेत मांडली. भीमाशंकर अभयारण्य त्यानंतर, 1985 मध्ये जाहीर झालं. भैरवनाथाला मात्र कुणी अधिसूचना काढून दिली नव्हती. देवाच्या धाकानं आणि भक्तीनं इथल्या महादेव कोळी समाजानं ते काम आधीच चालवलं होतं. धाक जास्त की भक्ती जास्त, हे मला ठरवता येत नाही, आणि झाडाला त्याचं काही पडलेलं नाही.

भीमाशंकरच्या या रानात भर पावसात, चंद्र नसलेल्या रात्री, कुजलेलं लाकूड हिरवट उजळतं. ती बुरशी आहे. तिच्या पेशींतल्या एका रासायनिक क्रियेतून तो थंड उजेड निघतो. हे कळल्यानंतर मी तो बघितला आणि बघताना कारण आठवलंच नाही. दिवा बंद करून पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात, एवढीच त्याची अट. विजेरी हातात धरून बसणाऱ्याला ते रान नुसतंच काळं दिसतं.

पूर्वेला उतरलं की देवही बदलतात. ओतूरला मांडवीच्या काठी कपर्दिकेश्वर आहे. श्रावणी सोमवारी तिथे तांदळाच्या पिंडी रचतात. कोरडे तांदूळ, त्यांना आकाराला धरून ठेवणारी नुसती हातांची कसबी सवय. लोक रांगेत तासन् तास उभे राहतात. मला त्यातलं आवडतं ते वेगळंच. श्रावणात शेतात आवणी नुकतीच झालेली असते, नवं भात अजून हिरवं. घरातल्या कणगीत गेल्या सालचं उरलंसुरलं. म्हणजे तांदूळ सगळ्यात जपून वापरायचा तो हा महिना, आणि नेमका तेव्हाच देव तांदळाचा! खळ्यावर पहिलं माप देवाचं काढणं सोपं, तेव्हा रास समोर असते. याच मांडवीच्या काठी तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. तुकोबांना त्यांनी उपदेश केला तोही स्वप्नात. त्या गुरुशिष्यांच्या गाठीसाठी ना मठ लागला ना मुहूर्त.

आळेफाट्यावरून पुणे-नाशिक रस्त्यानं हजारो गाड्या जातात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की जवळच आळे गावात एका रेड्याची समाधी आहे? पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो हा रेडा. ज्ञानदेवादी भावंडं नेवाशावरून आळंदीकडे निघाली तेव्हा तो सोबत होता, आळ्यात त्यानं देह ठेवला आणि ज्ञानदेवांनी त्याला समाधी दिली, अशी परंपरा. रेडा खरोखर बोलला का, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. मी थांबतो तो कथेतल्या दुसऱ्या जागेपाशी. रेड्याच्या पाठीवर आसूड बसले आणि वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उठले, असं सांगतात. जनावरात देव आहे हे म्हणायला सोपं. ते पाठीवर घ्यायला अवघड. आणि पखालीला किंवा चिखलणीला जुंपायचं जनावर, ज्याच्यावर स्वार होऊन यम येतो असं आपण मानतो, त्याच्यापुढे आज माणसं नारळ फोडतात. एवढा मोठा पल्ला आपल्या समजुतीनं दुसरीकडे कुठे गाठल्याचं मला तरी आठवत नाही.

तिथून जवळच खोडदला माणसांनी आकाशाकडे कान लावले आहेत. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 प्रचंड जाळीदार तबकड्या, खोडदभोवती आणि तीन बाजूंनी लांबवर पसरलेल्या. मध्ये कांद्याची, द्राक्षांची शेतं. ही शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. जवळजवळ 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा क्षीण संकेत तिनं टिपल्याचं जानेवारी 2023 मध्ये जाहीर झालं. इतका क्षीण की वाटेत आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वानं तो वाढवून दिला नसता तर हाती लागला नसता. शास्त्रज्ञांनी त्याला देव म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण आसपासची गडबड आवरून, बारीकशा आवाजासाठी वर्षानुवर्षं थांबून राहण्याची ती रीत मला ओळखीची वाटते.

इथवर सगळं गोड झालं. पण हा मुलूख गोड नाही.

वाघोबाशी झालेला करार आता मोडला आहे. कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी पूर्वेकडे पाणी नेलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या वस्तीला आला. त्याची पिल्लं उसातच जन्मतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे आणि तरी रात्री शेताला पाणी द्यायला जाणाऱ्याच्या जिवाला घोर आहे. वाघबारशीच्या सणाला घाटमाथ्यावर अजून वाघोबाला नैवेद्य दाखवतात. पण जिच्या अंगणातून लेकरू गेलं तिला ‘यातही देव बघ’ म्हणायची माझी हिंमत नाही. ती पिंजरा लावा म्हणते. तिचं बरोबर आहे.

आणि पावसात देव बघणाऱ्यानं एकदा आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला जाऊन यावं. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराचा कडा चिखल होऊन खाली आला आणि गावावर बसला. 151 माणसं गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीमुळे: नेहमीच्या फेरीवर आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही. वाचलेल्यांसाठी आमडे गावाजवळ नवं माळीण वसवलं गेलं. देव कोपला म्हणून हे झालं, असं त्या दिवसांत काहीजण बोलले. बेसावध माणसांवर कोपणारा देव मला मान्य नाही. उताराची झीज, कोसळता पाऊस, डोंगरावर माणसानं केलेली कामं, कारणं तिथे शोधायची. देवाच्या नावावर ती खपवली की पुढचं माळीण टाळायची जबाबदारी कुणावरच उरत नाही. नवलाची गोष्ट अशी, की याच आंबेगावात भाताचं रोप उपटून लावताना अजूनही पहिल्या मुठीला हात जोडतात. ज्या पावसानं नेलं त्याच पावसाच्या पाण्यात उभं राहून. याला मी श्रद्धा म्हणायला कचरतो; हे श्रद्धेपेक्षा जुनं आणि जास्त खमकं काहीतरी आहे.

आता थोडं भांडणाचं. सह्याद्रीतल्या पुष्कळ राया आज कुऱ्हाडीपेक्षा जीर्णोद्धारानं जास्त तुटतात. देव होता तो दगडाचा, झाडाखाली, उघड्यावर. काही देवांना तर छप्परच चालत नाही असं जुनी माणसं सांगत. आता आधी पत्रा येतो, मग फरशी, मग स्लॅब आणि सभामंडप, मग मंडपापर्यंत गाडी जायला रस्ता. त्यासाठी झाडं पडतात, ज्यांच्यासाठी देव तिथे बसला होता तीच. पैसा बहुतेक पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांचा, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांचा. भावना चांगलीच असते, आणि पंचाईत तिथेच आहे.

तेव्हा गावाकडची मंडळी पावतीपुस्तक घेऊन दारात आली तर त्यांना परत पाठवू नका. चहा द्या, वर्गणीही द्या. फक्त पैसे मोजण्याआधी विचारा, की मंडपाच्या आराखड्यात किती झाडं जातात. एक जरी जात असेल तर म्हणा, मंडप धाकटा करा, नाहीतर राईच्या बाहेर बांधा. आणि पावतीवर तसं लिहून घ्या.