दौलताबादच्या वाटेवर हुरड्याची पंगत

थंडीच्या दिवसांत वेरूळला जाणारी आपली कुटुंबे बहुधा घरूनच भाकरी-चटणी बांधून निघतात. लेणी पाहायची, झाडाखाली बसून जेवायचे आणि संध्याकाळच्या बसने परतायचे, ही आपली जुनी पद्धत. ती चांगलीच आहे. पण डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराच्या आसपासच्या शेतांत हुरड्याची पंगत बसते. एखाद्या वर्षी घरच्या सर्वांनी, म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन, या पंगतीला जरूर जावे. आम्ही गेलो होतो. तिथे काय खाल्ले आणि काय पाहिले, ते वाचकांना सांगतो.

मोठ्या शहरांतल्या महागड्या हॉटेलांत हल्ली ‘टेस्टिंग मेनू’ नावाचा प्रकार असतो. गिऱ्हाइकाने काही मागवायचे नसते. त्या ऋतूत जे उत्तम मिळाले असेल, त्याचे लहान लहान पदार्थ आचारी एकामागून एक पाठवतो. जेवण दोन-तीन तास चालते. फ्रान्समध्ये लायोल नावाचे पठारावरचे एक गाव आहे. तिथल्या मिशेल ब्रास या आचाऱ्याने त्याच भागातल्या भाज्या, पाने आणि फुले एका ताटात मांडून जगभर नाव मिळवले. त्यासाठी लोक लांबून त्या आडगावी जातात. आपला हुरडाही याच जातीचा आहे. ऋतू ठरवील ते खायचे, शेतात जाऊन खायचे आणि सावकाश खायचे.

हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचे कोवळे कणीस. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेल्या ज्वारीचा दाणा थंडीत भरतो. दाणा हिरवा असतो, दाबला तर आतून दुधासारखा चीक येतो. त्या वेळी दाण्यातल्या साखरेचे पिठात रूपांतर पूर्ण झालेले नसते, म्हणून तो गोड लागतो. ही अवस्था थोडेच दिवस टिकते. पुढे दाणा घट्ट होतो आणि हुरडा संपतो. म्हणून हुरड्याचा धंदा करणारे शेतकरी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने तुकडे पेरतात, म्हणजे दोन महिने कणसे मिळत राहतात. भाकरीसाठी मालदांडी नावाजलेली, तर हुरड्यासाठी सुरती आणि गुळभेंडी या ज्वारी प्रसिद्ध आहेत. त्यांचा दाणा कणसातून सहज सुटतो.

आम्ही शेतावर पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आधी बोरे, पेरू आणि उसाची कांडकी आली. मग हरभऱ्याचा टहाळ भाजून केलेला हुळा आला. बोटे काळी झाली आणि मुले खूश झाली. जाणत्या माणसाने इथे हात आखडता घ्यावा, कारण खरा पदार्थ पुढे असतो. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवलेल्या होत्या. याला आगटी म्हणतात. कणसे तिच्या राखेत खुपसायची, काही मिनिटांत बाहेर काढायची आणि गरम असतानाच गोणपाटावर चोळायची. कोंडा फुंकून टाकला की हिरवे, मऊ, वाफाळते दाणे हातात येतात. त्याला धुराचा थोडा वास असतो. पहिली मूठ नुसतीच खावी. दुसरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, तिसरी जवसाच्या, चौथी लसणाच्या. मग घट्ट दही, गूळ, शेव आणि रेवड्या. दाणा तोच, पण प्रत्येक मुठीला चव निराळी. मधूनमधून ताक घ्यावे.

त्यानंतर तासभर कोणी झोक्यावर बसले, कोणी बैलगाडीतून चक्कर मारून आले. दुपारी जेवणाची पंगत बसली. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, पिठले, मिरचीचा ठेचा, मेथीची भाजी आणि शेवटी खिचडी. पदार्थ सगळे आपल्याच घरातले. परंतु एरवी आपल्या बायाबापड्या हे सगळे रांधून, वाढून, शेवटी उरलेसुरले खातात. इथे त्या पहिल्या पंगतीला बसल्या होत्या आणि दुसरे कोणीतरी त्यांना आग्रह करून वाढत होते. एवढ्यासाठीसुद्धा हा खर्च करावा.

माझ्या आईला हुरडा नवा नव्हता. लहानपणी ती माळ्यावर उभी राहून, गोफण फिरवून ज्वारीवरची पाखरे हाकलीत असे. मालकाच्या घरी हुरड्याला पाहुणे जमत, तेव्हा गोवऱ्या वाहायला, आगटी पेटवायला आणि कणसे चोळायला आपली माणसे असत. पंगतीत मात्र ती नसत. पदरात मूठभर हुरडा पडे, तो बांधावर लांब बसून खायचा. तहान लागली तर ओंजळ पुढे करायची आणि कोणी वरून पाणी ओतील त्याची वाट पाहायची. त्या दिवशी शेतावर झाडाखाली पाण्याचा माठ होता. आई उठली, माठातून आपल्या हाताने पाणी घेतले, प्यायली आणि परत येऊन बसली. कोणी विचारले नाही, कोणी वळून पाहिलेही नाही. मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही. आईला काय वाटले असेल ते मला समजले.

या रस्त्यावर पाण्याची ही गोष्ट आणखी एका कारणाने आठवते. शहरापासून १५ किलोमीटरच्या आसपास दौलताबादचा किल्ला लागतो. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला याच भागात आले होते. वाटेत किल्ला पाहायला ही मंडळी थांबली. प्रवासाच्या धुळीने तोंडे माखली होती. दाराशीच पाण्याने भरलेले लहान तळे होते, तिथे काहींनी हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून तळे बाटवल्याचा ओरडा झाला, जमाव जमला. पुढे किल्ल्यात सोडले तेही कुठे पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि पाळतीला एक हत्यारी शिपाई देऊन. बाबासाहेबांनी ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवली आहे.

पुढे १९५० साली राज्यघटना अमलात आली. तिचे कलम १५ सर्वांनी वाचावे. जात, धर्म, वंश, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात किंवा हॉटेलात जाण्यास मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. त्याच कलमात लगेच पुढे सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानघाट येतात. जेवणाची जागा आणि पाण्याची जागा एकत्र आलेली आहे. ज्यांची जेवणाची पंगत आणि पाणी दोन्ही अडवले गेले होते, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पैसे मोजून, मान राखून घेऊन, पोटभर आणि सावकाश जेवणे ही चैन आहे खरी. पण ती आपल्याला फुकट मिळालेली नाही.

म्हणूनच आगटीजवळ बसलेल्या बायांकडे आपले लक्ष असले पाहिजे. आम्ही गेलो तिथे दोन मावश्या सकाळपासून धुरात बसून कणसे चोळीत होत्या. त्यांचे तळवे लाल झाले होते. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि बोलता बोलता तिचेही हात चालू लागले. पाहुणे उठल्यावर मग त्यांचे जेवण. आपण गिऱ्हाईक म्हणून गेलो तरी त्यांना अहो-जाहो करावे, “मावशी, तुम्ही जेवलात का?” असे विचारावे आणि ताटात अन्न टाकून उठू नये. निघताना काही द्यायचे असेल तर त्यांच्या हातात द्यावे.

आता थोडी कामाची माहिती. आधी फोन करून जागा सांगून ठेवावी लागते. दर माणशी असतो, त्यात बहुतेक ठिकाणी जेवणही येते. मुलांचा दर वेगळा आहे का, ते विचारून घ्यावे. दोन-तीन घरांनी मिळून गाडी केली तर परवडते. दौलताबादहून पुढे खुलताबाद आणि शहरापासून ३० किलोमीटरवर वेरूळ आहे. ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध लेणी. त्यांतले दहावे चैत्यगृह मुलांना आवर्जून दाखवावे. मंगळवारी लेणी बंद असतात, तो वार टाळावा.

शेतावरून परतताना किलोभर कच्चा हुरडा विकत घ्यावा. तो ठेवला की कडक होतो. घरी जाऊन त्याच रात्री त्याची उसळ किंवा थालीपीठ करावे आणि ज्या शेजाऱ्यांना येता आले नाही, त्यांच्याकडे एक वाटी पाठवावी.