लेबलाभोवतीची कोरी जागा

गाणं ऐकायला मला अनेकांनी शिकवलं. रेकॉर्ड वाचायला मात्र एकट्या अप्पांनी.

अप्पा नात्याचे कुणी नव्हेत, आमच्या गिरगावातल्या चाळीतले. मूळजी जेठा मार्केटात कापडाच्या पेढीवर कारकून. कपाटभर रेकॉर्डी होत्या, पण हात धुऊन आल्याशिवाय शिवू देत नसत. मी लेबल वाचू लागलो की म्हणत, "ते छापखान्याचं काम रे. उजेडात तिरकी धर." तशी धरली की शेवटचं वेटोळं आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीत बारीक अक्षरं दिसायची, काही ठशाने उठवलेली, काही हाताने खरवडलेली. तो मॅट्रिक्स क्रमांक. लेबल चुकून दुसरंच लागू शकतं. हा आकडा साच्यातूनच उमटलेला असतो.

साच्याची वंशावळ अप्पांना मुखोद्गत होती. लॅकर चढवलेल्या तबकडीवर सुईने खाचा कोरायच्या, त्यावर चांदीचा पातळ थर, मग विजेच्या साहाय्याने निकेल. ते सोलून काढलं की 'फादर', उलटा. त्यावरून 'मदर', सुलटी, चक्क वाजवता येणारी. तिच्यावरून पुन्हा उलटा 'स्टँपर'. असे दोन स्टँपर दाबयंत्रात, मध्ये गरम विनाइलचा गोळा, वर-खाली लेबलं. वाफेची धग, प्रचंड दाब, लगेच गार पाणी, आणि कडेला आलेली झालर छाटायची. लेबलाला गोंद नाहीच! तेही त्याच दाबाने अंगात बसतं, म्हणून आधी तापवून कोरडं करून घेतात. हे कळल्यावर मी कितीतरी रेकॉर्डींच्या लेबलांवरून नख फिरवून पाहिलं होतं.

इंग्लंडात हेजच्या कारखान्यात स्टँपरचा क्रमांक अक्षरांत घालत. 'ग्रामोफोन लिमिटेड'मधून उचललेली दहा अक्षरं : जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत डी म्हणजे शून्य. लेबलाच्या एका अंगाला मदरचा आकडा, दुसऱ्या अंगाला ही अक्षरं. अप्पांच्या पेढीवरही खरेदीचा भाव चिठ्ठीवर अशाच खुणेच्या अक्षरांत लिहीत. "साहेबही शेवटी दुकानदारच," असं म्हणून ते मनापासून हसायचे.

त्याआधीच्या काळात खूण गळ्यातूनही यायची. १९०२ साली कोलकात्यात गायलेल्या गौहर जान गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगत, कारण तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या माणसाला गाणारी कोण ते कसं कळावं? रेकॉर्डी दाबणारा इथला सियालदाहचा कारखाना १९०८ चा, डमडमचा त्यानंतरचा. गाण्यापेक्षा त्या नाव सांगण्यावरच अप्पांचा जीव जास्त होता, असा मला दाट संशय आहे.

ते गेल्यावर सूनबाईंनी त्यांची वही मला आणून दिली. पहिल्या रकान्यात मॅट्रिक्स क्रमांक, मग गायक, राग सगळ्यात शेवटी. माझ्याकडच्या रेकॉर्डींची यादी मीही त्याच क्रमाने करतो.

तुमच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्डी असतील, तर भंगारात देण्याआधी एवढं करा : लेबलाभोवतीचा आकडा उतरवून घ्या. आणि लाखेच्या असतील तर एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. फार ठिसूळ असतात.