नाथसागर, फ्लेमिंगो आणि पप्पा

हर्सूलचा आहे म्हटलं की पुण्यातली मंडळी आधी "जेलवालं हर्सूल?" असं विचारतात. हो, तेच. पण आमच्याकडे तलावही आहे. त्यावर बगळे, पाणकावळे, हिवाळ्यात थोडी बदकं असतात. लहानपणी तिथे फक्त दगड मारायला गेलो, पक्षी बघायला कधीच नाही.

यंदा जानेवारीत चार दिवस सुट्टी टाकून घरी गेलो होतो. ऑफिसमधल्या मित्राची दुर्बीण सोबत होती. म्हटलं, तलाव नको, सरळ जायकवाडीलाच जाऊ. फ्लेमिंगो बघू! पप्पांना विचारलं तर म्हणाले, "काय बघायचं तिथं? पाणीच तर आहे." पण रविवारी पहाटे बघतो तर हे स्वेटर, कानटोपी घालून गेटपाशी हजर.

बिडकीन, ढोरकीन करत निघालो. ढोरकीनला चहा-पोहे. जायकवाडीच्या जलाशयाला, म्हणजे नाथसागराला, 1986 साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. धरणाचा पाया 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी घातला आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. भिंत जवळपास 10 किलोमीटर लांब, दरवाजे 27, साठा शंभर टीएमसीच्या वर. लिटरमध्ये सांगायचं तर अडीच लाख कोटींहून जास्त. (सवय, काय करणार! आकडा दिसला की कन्व्हर्ट करावासा वाटतो.)

मुख्य रस्ता सोडून काठाच्या बाजूला गेलो आणि उथळ पाण्यात दिसले. आधी वाटलं, कुणी धुणं वाळत घातलंय. दुर्बीण लावली तर शंभरेक फ्लेमिंगो! मान खाली, चोच उलटी करून गाळ चाळत होते. त्यातले शेवाळ आणि बारीक जीव खाऊनच त्यांना तो गुलाबी रंग येतो. शेजारी चक्रवाकांची जोडी, शेकाट्या आणि काळेकुट्ट वारकरी. पैठणच्या पाण्यात वारकरी, म्हणजे नाव अगदी फिट :-)

दुर्बीण पप्पांना दिली. ते बराच वेळ बघत राहिले. मग लक्षात आलं, दुर्बीण पक्ष्यांच्या पार पलीकडे रोखलेली आहे.

"काय दिसतंय?"

"काही नाही. आमचं गाव त्या अंगाला होतं."

धरणात गाव गेलं हे मला माहीत होतं. पण शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव असतं ना, तेवढंच. पप्पा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. आजीने निघताना चुलीवरचा तवा तसाच गरम उचलून गाडीत टाकला, हे त्यांनी मला परवा पहिल्यांदा सांगितलं.

मग हळूच म्हणाले, "2019 च्या उन्हाळ्यात येऊन गेलो मी. धरण तळाला गेलं होतं."

"एकटे? सांगितलं नाही ते!"

"काय सांगायचं? गाळ होता. मारुतीचा ओटा तेवढा ओळखू आला."

माझ्याकडे यावर बोलायला काहीच नव्हतं. मी आपला मोबाईलवर फ्लेमिंगोंचे फोटो काढत राहिलो.

परतताना डोक्यात एकच विषय. संभाजीनगरला पाणी मुख्यतः जायकवाडीचंच येतं. लहानपणी नळ आला की घरात एकच धांदल असायची. बादल्या, पिंप, पातेली, जे हाताला लागेल ते भरायचं. पप्पा मात्र पिंप काठोकाठ भरेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. "सांडू नका" म्हणून ओरडायचे. मला तो कंजूषपणा वाटायचा.

घरी आलो. आईने विचारलं, "दिसले का पक्षी?"

"दिसले की," पप्पा म्हणाले. "शंभर तरी असतील."

पुढच्या वेळी त्या काठावर जाईन तेव्हा दुर्बीण आधी पप्पांना देणार. आणि गावातली घरं कुठे होती, कुणाची होती, हे सगळं विचारून एका कागदावर नकाशा काढून घेणार. आजी आता नाही. आमच्या घरात ते गाव माहीत असलेला एकच माणूस उरलाय.