काचेपल्याडची तलवार

रविवार, त्यात मेगाब्लॉक, त्यात ऊन. अशा दिवशी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. मी मात्र सकाळी साडेदहालाच काळा घोड्याला, म्युझियमच्या फाटकाशी हजर! म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. हो, तेच. शाळेच्या ट्रिपला जाऊन बागेत डबा खाऊन परत आलो होतो, ते.

निमित्त एका मित्राचं. दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग, रात्री ड्रॉइंग टॅब्लेट, असं त्याचं दोन वर्षं चाललंय. त्याला व्हिडिओ गेम्ससाठी कन्सेप्ट आर्टिस्ट व्हायचंय. पोर्टफोलिओत ड्रॅगनच्या हाडांच्या तलवारी, काटेरी चिलखतं, सगळं एकदम भारी. एका स्टुडिओनं तो परत पाठवला. सोबत एकच ओळ : हे धरायचं कुठे?

नोटीस पिरियडचे बेचाळीस दिवस उरलेत आणि राजीनाम्याची बातमी घरी अजून फुटलेली नाही. म्हणून दर रविवारी हे शस्त्रांचं दालन.

बाहेर जॉर्ज विटेटनं डिझाइन केलेला घुमट, सेल्फीवाल्यांची गर्दी. आत मात्र शांत. बहुतेक लोक अकबराच्या चिलखतापाशी थबकतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. हा पठ्ठ्या एका ढालीसमोर पाऊण तास उभा!

'ही चार फुलं दिसतायत? मला वाटायचं, नक्षी आहे.' नक्षी आहेच, पण आधी ते खिळे आहेत. ढालीच्या मागे हात अडकवायचे पट्टे असतात, ते याच खिळ्यांनी पक्के होतात. मध्ये बोटांच्या सांध्यांना मार बसू नये म्हणून छोटी गादी. त्याच्या जुन्या ढालींवर वाघाचं डोकं होतं, मागची बाजू त्यानं कधी काढलीच नव्हती.

मग तलवार. मूठ इतकी लहान की माझा हातसुद्धा जेमतेम मावेल. मुठीच्या टोकाला गोल थाळी. मनगट फार वाकवलं तर ती थाळी टोचते. त्यामुळे वार कोपर-खांद्यातून, ओढून कापायचा. म्हणजे मुठीचा आकारच माणसाला लढायची पद्धत शिकवतो. कट्यारीचं उलटंच : दोन उभ्या दांड्या, मध्ये आडवी मूठ. सरळ बुक्का मारायचा, पातं पुढे. काहींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं, कारण समोर कड्यांचं चिलखत असायचं. आणि फिरंगी म्हणजे पातं युरोपातलं, मूठ इथली. सतराव्या शतकातलं फ्यूजन, बॉस!

चिलखतांच्या बाबतीत मात्र मी त्याच्याशी भांडले. त्याच्या सह्याद्रीतल्या योद्धा मुलीला त्यानं असं छातीकवच दिलं होतं, की ती लढायला निघालीय की शूटिंगला, कळेना. शिवाय छातीच्या मधोमध खोलगट खाच. समोरून आलेलं टोक घसरून नेमकं तिथेच जाणार. आता तिला चार-आइना मिळालाय : पुढे एक, पाठीला एक, दोन कुशींना दोन, असे चार पत्रे. काखेशी हात हलायला जागा. खाली कड्यांचं जाळं आणि कमरेला घट्ट पट्टा, म्हणजे सगळं ओझं खांद्यांवर येत नाही. दिसतेही जबरी.

दुपारी बाहेर चहा घेताना जहांगीरमधल्या समोवारची आठवण निघाली. ते 2015 मध्येच बंद झालं. तिथल्या टेबलावर वही पसरायला किती बरं वाटलं असतं!

सध्या त्याला दांडपट्ट्यानं झपाटलंय. मर्दानी खेळाचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघतो. लोखंडी खोबणीत कोपरापर्यंत हात जातो, मनगट जवळजवळ बंद, फिरायचं ते खांद्यातून. परवा त्यानं पुठ्ठ्याचा खराखुरा मापाचा पट्टा केला, हातात चढवला आणि घरभर फिरवला. तेवढ्यात बेल वाजली. उजव्या हातानं कडी निघेना, डाव्यानं निघाली, आणि दारात बाबा, हातात भाजीची पिशवी. 'ऑफिसचं काम?' त्यांनी विचारलं.

पुठ्ठा काढायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात त्यानं राजीनाम्याचंही सांगून टाकलं. बाबा बराच वेळ पट्टा उलटसुलट करून बघत होते. मग म्हणाले, 'हा आतून बोटांना लागतोय. कापड लाव.'