राहिलेला केर

खराटा माणसाच्या आयुष्यात फार लवकर येतो. अंजनगाव सुर्जी तालुक्यात तुराट्या बांधूनही खराटा होतो, आणि नुकते चालायला लागलेले पोर तो ओढत अंगणभर फिरते. पुढे शाळेत वर्ग झाडायची पाळी येते. मग शिक्षण, नोकरी, फ्लॅट. खराटा सुटतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातो. मन थाऱ्यावर नाही, ही तक्रार साधारण याच सुमारास सुरू होते आणि माणूस मोबाइलवर ध्यानाचे ॲप शोधू लागतो. मला वाटते, सजगतेची सुरुवात करायची तर हातून सुटलेले एखादे काम परत हातात घेणे अधिक सोपे आहे.

याच तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले आणि पुढे महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला. दिवसा खराटा, रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम. झाडण्याला ध्यान वगैरे त्यांनी म्हटले नाही. तसे म्हणणे हा माझा आगाऊपणा ठरेल. पण खराट्याचा एक गुण बघण्यासारखा आहे. आधी पाणी शिंपडायचे, मग कमरेत वाकून एकेक फटकारा मारत पुढे सरकायचे. ओल्या मातीवर काड्यांच्या बारीक रेघा उमटत जातात. मन कापसाच्या भावाकडे किंवा कालच्या भांडणाकडे गेले, की मध्येच एखादा पट्टा रेघांविना राहतो आणि त्यावरचा पाला लगेच दिसतो. डोळे मिटून बसलेल्याचे मन कुठे भटकले हे दाखवणारे बाहेर काही नसते. इथे जमीनच दाखवते.

यावर कुणी म्हणेल, सवयीने हात चालतात आणि मन रिकामे फिरते, मग यात सजगता कुठली? खरे आहे. पण श्वासावर लक्ष ठेवतानाही तेच होते. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून विपश्यना ही ध्यानपद्धती भारतात घेऊन आले. इगतपुरीच्या धम्मगिरीत होणाऱ्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस श्वासच बघायचा असतो, आणि तिथेही मन पळतेच. पळाल्याचे ध्यानात येणे आणि परत येणे, हाच अभ्यास. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी तणावावरचा सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एकच मनुका सावकाश खाण्याचा पाठ असतो, म्हणजे रोजचे साधे कामही अभ्यास होऊ शकते. दहा दिवसांच्या शिबिरातल्या साधनेची खोली मला मान्य आहे. पण सोयाबीन काढणीला आले असताना दहा दिवस कोण निघणार? राहिलेल्या पट्ट्यावर मागे फिरून खराटा मारायला मात्र एक क्षण पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ज्या बाईच्या हातात दहाव्या वर्षापासून खराटा आहे, ज्या जातींच्या हातात तो समाजाने कोंबला, त्यांना ‘लक्ष देऊन झाडा’ म्हणणे ही चेष्टाच. म्हणून हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी खराटा दुसऱ्यावर टाकला, त्यांच्यासाठी आहे. तसेच, कर्जात बुडालेल्याला मन शांत ठेवायला सांगून प्रश्न मिटत नाही. गाडगेबाबांचेही काम झाडून संपत नव्हते. रात्री कीर्तनात ते समोर बसलेल्या माणसांनाच कर्ज, दारू, पशुबळी, शिवाशिव यांवर प्रश्न विचारून बोलते करत. गावातला केर ज्याला नीट दिसतो, त्याला गावातला अन्यायही दिसायला हवा. स्वतःच्या शांततेपाशीच थांबणारी सजगता मला अर्धवट वाटते.

तेव्हा सुरुवात लहान असावी. दिवसभर सजग राहण्याचा संकल्प दुपारपर्यंतही टिकत नाही. रोजचे एकच काम निवडावे, आणि ते असे असावे की लक्ष सुटले तर त्याची खूण मागे राहील: दारापुढची झाडलोट, स्वतःचे ताट घासणे, तांदूळ निवडणे. खूण दिसली की चिडू नये, मागे फिरून तेवढे पुरे करावे. महिनाभराने मन शांत होईल की नाही, याची हमी मी देत नाही. पण आपल्यामागे कुणाला काय उचलावे लागत होते, ते नक्की कळेल.